दाव्याला बांधलेला कॅमेरा

गेल्या महिन्यात घरच्या जुन्या कागदांचे फोटो सगळ्यांना पाठवले आणि दोन दिवसांत तीन फोन आले. तिघांचाही प्रश्न एकच. ६१ नंतर एकदम ७३ वं पान कसं? मधली अकरा पानं कुठं गेली? आत्याने तर जरा वेगळ्याच सुरात विचारलं, "मुद्दाम नाही ना गाळलीत?"

नाही गं आत्या! त्या पानांत काय होतं ते मलाही ठाऊक नाही. दुखणं तेच तर आहे.

फोनवर मी "केबल निघाली होती" एवढंच सांगून सुटले. पण "केबल निघाली तर परत लावायची, त्यात काय?" हा प्रश्न त्याच्या मागोमाग आलाच. म्हणून हे लिहायला बसले. कबुलीजबाब म्हणा हवं तर. लिहिता लिहिता त्या केबलच्या मागे मी बरीच मागे गेले, त्यामुळे लांबलंय. चहा घेऊन बसा.

तर झालं असं. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही गावी जमलो होतो. काकांनी माळ्यावरचा रुमाल खाली काढला. (नव्या पिढीसाठी: हा रुमाल म्हणजे नाक पुसायचा नव्हे. जुने मोडी कागद ज्या कापडात बांधून ठेवत, त्या गाठोड्यालाच रुमाल म्हणतात. पुण्याच्या पेशवे दफ्तरात असे हजारो आहेत, आमच्याकडे आपला एकच.) त्यात घरच्या जमाखर्चाची एक जाड वही होती. कागद असा की पान उलटलं की कडेचा भुगा टेबलावर पडायचा. म्हणून ठरलं, प्रत्येक पान एकदाच उलटायचं, फोटो काढायचा आणि वही कायमची बांधून ठेवायची.

दादाने जेवणाच्या टेबलापाशी ट्रायपॉड उभा करून कॅमेरा खाली तोंड करून बसवला आणि लांब केबलने माझ्या लॅपटॉपला जोडला. क्लिक केलं की फोटो थेट माझ्या स्क्रीनवर. काका पानं उलटणार, दादा बटण दाबणार आणि मी फोटो नीट आलाय ना ते बघून "हं" म्हणणार. सगळ्यात सोपं काम माझ्याकडे होतं, आणि तेच मी नीट केलं नाही.

६१ व्या पानाच्या तळाशी एका लुगड्याची नोंद होती. "लुगडे १" एवढं मला लागलं, पुढचं नाव काही लागेना. मोडी नुकतीच शिकत होते, त्यामुळे उत्साह दांडगा. तो फोटो मोठा करून मी नाव लावत बसले आणि सवयीने "हं... हं..." म्हणत राहिले. फ्लॅश उडत होता, शटर वाजत होतं, पानं उलटत होती. आणि टेबलाखाली कुणाच्या तरी पायात अडकून केबल लॅपटॉपच्या बाजूने काही मिलिमीटर बाहेर आली होती. बाहेरून बघितलं तर लावलेलीच दिसायची. कॅमेऱ्यात कार्ड नव्हतं ("कार्ड कशाला, थेट लॅपटॉपवर जातंय की!") आणि कार्ड नसलं तरी शटर उडावं अशी सोय चालू ठेवलेली. अकरा पानांचे अकरा फोटो काढले आणि एकही कुठंच उमटला नाही. मग चहा आला, लॅपटॉप सरकवताना प्लग आपोआप परत आत ढकलला गेला, ७३ वं पान स्क्रीनवर झळकलं आणि मी पुन्हा "हं" म्हटलं. पानांचे आकडे वरच्या कोपऱ्यात लिहिलेले होते. ते मी बघितलेच नाहीत.

हे लक्षात आलं दिवाळीत, फाइली लावताना. काकांना फोन केला तर त्यांनी सांगितलं, श्रावणात कौल फुटून माळ्यावर पाणी आलं होतं. वहीचा लगदा झाला होता.

असो. आता त्या केबलकडे वळते.

अशा फोटोग्राफीला इंग्रजीत 'टेदर्ड शूटिंग' म्हणतात. टेदर म्हणजे मूळचं आपलं दावं, गाय खुंट्याला बांधायचं. नाव अगदी चपखल आहे. कॅमेरा ही गाय, लॅपटॉप हा खुंटा. फरक इतकाच की गायीचं दावं सुटलं तर गाय दिसत नाही आणि लगेच कळतं. इथं गाय जागेवरच उभी असते, दूध मात्र जमिनीवर सांडत असतं!

मुळात कॅमेरा असा बांधायचाच कशाला? कारण फोटो काढणाऱ्याला एकच भीती कायम असते: आत्ता जे काढलं ते आलंय का? फिल्मच्या काळात हे कळायला फिल्म धुऊन यावी लागे, तोवर मॉडेल घरी, जेवणाचं ताट थंड आणि दागिने परत तिजोरीत. १९४७ साली एडविन लँडने न्यूयॉर्कमध्ये मिनिटभरात तयार होणारा फोटो करून दाखवला. तो पोलरॉइड पुढच्या वर्षी बाजारात आला आणि त्या भीतीवरचा पहिला तोडगा ठरला. पुढे स्टुडिओवाल्यांनी मोठ्या कॅमेऱ्यांना मागच्या बाजूने पोलरॉइडची पेटी लावायला सुरुवात केली. आधी एक पोलरॉइड काढायचा, प्रकाश बघायचा, ग्राहकाची मान डोलली की मग खरी फिल्म लावायची. जाहिरातींच्या धंद्यात कित्येक वर्षं हीच रीत होती. पोलरॉइड कंपनीने २००८ मध्ये ही फिल्म बंद करत असल्याचं जाहीर केलं, पण तोवर बऱ्याच स्टुडिओंत तिची जागा लॅपटॉपच्या पडद्याने घेतली होती.

मात्र केबल निघण्याची डोकेदुखी लॅपटॉपच्या कितीतरी आधीची आहे. मला हे वाचताना गंमत वाटली, कारण कॅमेऱ्याची सगळ्यात जुनी केबल कधी निघतच नसे! हात न लावता शटर उडवायची ती लवचिक तार, केबल रिलीज, जुन्या कॅमेऱ्यांत शटरच्या बटणातच आट्यांवर फिरवून बसवायची. आटे म्हणजे आटे. ओढा, झटका द्या, आधी कॅमेरा ट्रायपॉडसकट येईल पण तार सुटायची नाही.

बिघडलं ते फ्लॅशच्या केबलपासून. शटर आणि फ्लॅश यांना जोडणाऱ्या त्या गोल बारक्या सॉकेटला 'पीसी' म्हणतात. मला आधी वाटलं कॉम्प्युटरचाच काहीतरी संबंध असणार. पण हे पीसी म्हणजे प्रोन्टोर आणि कोम्पुर, जर्मनीतल्या दोन प्रसिद्ध शटरची नावं. एक बनायचं काल्मबाख गावात गॉथिअरच्या कारखान्यात, दुसरं म्युनिकला डेकेलच्या. मध्ये एक पिन, भोवती पत्र्याची गोल कडी, आणि पकड फक्त घासून बसण्याची. कडी जराशी फाकली की प्लग सैल. लग्नात नेमकं मंगलाष्टक संपताना फ्लॅश पेटला नाही, अशा गोष्टी जुन्या फोटोग्राफरांकडून ऐकल्या असतील, त्यातल्या पुष्कळ या कडीच्याच. मग कुणी पक्कडीने कडी हलकेच दाबून घेई, कुणी वर चिकटपट्टी मारी. परदेशात ही कडी पुन्हा गोल करून देणारं खास छोटं हत्यारसुद्धा मिळे. निकॉनने आपल्या सॉकेटभोवती बाहेरून आटे दिले, म्हणजे तशीच खास केबल घेतली तर ती स्क्रूसारखी फिरवून पक्की करता येई. पण बाकीच्या केबली साध्याच.

म्हणजे एकाच कॅमेऱ्यावर दोन केबली, एक आट्यांची आणि एक नुसत्या घर्षणाची. पुढची सगळी गोष्ट मला या दोघींमधल्या भांडणाची वाटते. आणि गंमत म्हणजे जिंकली सैल असणारी!

डिजिटल कॅमेरा जन्मला तोच केबल घेऊन, असं म्हटलं तरी चालेल. कोडॅकच्या स्टीव्हन सॅसनने १९७५ मध्ये पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला तेव्हा फोटो साध्या कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. पण विकत मिळणारा, खरोखर वापरण्याजोगा डिजिटल एसएलआर म्हणजे कोडॅकचाच १९९१ चा डीसीएस १००. निकॉन एफ-३ चा सांगाडा, आत १.३ मेगापिक्सेलचा सेन्सर. फोटो साठवायला कॅमेऱ्यात जागाच नव्हती. त्यासाठी वेगळी पेटी खांद्याला अडकवायची, तिच्यात २०० मेगाबाइटची हार्ड डिस्क, बॅटऱ्या आणि छोटा कृष्णधवल पडदा. कॅमेरा आणि पेटी यांच्यामध्ये केबल. बातमीदार फोटोग्राफरने दंगलीत किंवा फुटबॉलच्या मैदानावर असं धावायचं! किंमत वीस हजार डॉलरच्या वर. एकूण ९८७ विकले गेले, हा आकडा वाचून मला खरं तर नवल वाटलं की इतके तरी कुणी घेतले. पुढच्याच वर्षीच्या डीसीएस २०० मध्ये कोडॅकने डिस्क कॅमेऱ्याच्या बुडाशीच बसवली. फिरत्या फोटोग्राफरची केबलमधून सुटका झाली.

स्टुडिओतल्या फोटोग्राफरची मात्र नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला लीफ नावाच्या कंपनीने हॅसलब्लाडसारख्या कॅमेऱ्यांच्या मागे लावायची डिजिटल पाठ आणली. चार मेगापिक्सेल, पण स्वतःचं साठवण शून्य. लाल, हिरवा, निळा असे तीन फिल्टर लावून तीन वेळा फोटो काढायचा आणि तिन्ही थेट मॅकवर. अर्थात निर्जीव वस्तूंचेच फोटो. तिन्हीमधलं एक जरी गेलं तरी रंगाचा खेळ खलास. इथं केबल हीच सगळी स्मरणशक्ती होती.

त्या काळातल्या कॉम्प्युटरच्या केबली आठवतात? ज्यांनी नव्वदच्या दशकात प्रिंटर लावलाय त्यांना नक्की आठवतील. एका टोकाला दोन स्क्रू, दुसऱ्या टोकाला दोन्ही बाजूंनी तारेच्या कड्या, टकटक करून बसवायच्या. मॉनिटरच्या केबललाही दोन स्क्रू. (जे कुणी कधी पिळले नाहीत, आणि मग मॉनिटर निळा दिसतो म्हणून माणसाला बोलावलं!) कोडॅकचे कॅमेरे ज्या स्कझी केबलने जोडत तीही अशीच जाडजूड आणि कड्या-स्क्रूंची. या केबली बोजड होत्या, चालू मशीनमध्ये काढ-घाल करण्याजोग्या नव्हत्या, पण एकदा लावली की लावली.

मग काम सोपं करायची लाट आली. आधी अॅपलच्या पुढाकाराने फायरवायर आलं, १९९५ मध्ये त्याचं अधिकृत मानक झालं. त्याचा सहा पिनांचा प्लग निन्टेंडोच्या गेम बॉयच्या जोडकेबलवरून घेतलेला होता. पोरांच्या हातात जो टिकतो तो कुठंही टिकेल, असा साधा हिशोब! निकॉन डी-१ (१९९९) आणि कॅननचा ईओएस-१डी (२००१) या कॅमेऱ्यांना फायरवायरच होतं. वेग उत्तम. पण स्क्रू गेले, कड्याही गेल्या.

आणि १९९६ मध्ये आलं यूएसबी. इथं आपला, म्हणजे निदान अर्धा आपला, माणूस भेटतो. यूएसबीच्या जनकांत ज्यांचं नाव पहिलं घेतलं जातं ते इंटेलचे अजय भट्ट बडोद्याचे, सयाजीराव महाराजांच्या नावाच्या विद्यापीठात शिकलेले. (गायकवाडांचं बडोदं म्हटल्यावर मराठी माणसाने थोडा हक्क सांगायला हरकत नसावी. इंटेलने २००९ मध्ये त्यांच्यावर एक जाहिरात केली होती, भट्ट म्हणजे जणू रॉकस्टार. अर्थात तिच्यात भट्ट स्वतः नव्हते, एक नट होता.) काम एकट्याचं नव्हतं, १९९४ पासून सात कंपन्या त्यात होत्या. हेतू एकच. घरातल्या कुणालाही माऊस, कीबोर्ड, प्रिंटर लावता यावा, मशीन बंद न करता, स्क्रू न पिळता. आणि स्वस्तात. दोन्ही बाजूंनी बसणारा प्लग का नाही केला, याचं उत्तर भट्टांनी नंतर दिलं होतं, की तारा आणि खर्च दुप्पट झाला असता.

हा हेतू त्यांनी इतका साधला की जगातल्या बाकीच्या सगळ्या केबली मागे पडल्या. पण हा प्लग माऊससाठी होता. माऊस निघाला तर माणूस हसून परत लावतो. यूएसबीच्या मानकात लिहिलंय की प्लग बाहेर यायला निदान १० न्यूटन जोर लागला पाहिजे. १० न्यूटन म्हणजे साधारण एक किलो वजनाचा ओढा. एक किलो साखरेची पिशवी केबलला अडकवून बघा, पाच मीटर केबलमध्ये पाय अडकला तर कितीचा झटका बसत असेल त्याचा अंदाज येईल. आणि जुन्या चपट्या प्लगमध्ये आणखी एक खुबी आहे. त्याच्या चार पट्ट्यांपैकी कडेच्या दोन, विजेच्या, थोड्या लांब असतात आणि मधल्या दोन, माहितीच्या, आखूड. चालू मशीनमध्ये लावताना वीज आधी जुळावी आणि काढताना शेवटी तुटावी म्हणून. शहाणपणाचंच आहे. पण त्यामुळे अर्धवट निघालेल्या केबलमध्ये वीज असू शकते आणि बोलणं मात्र बंद झालेलं असतं. आमच्या टेबलावर नेमकं हेच झालं असणार असं दादाचं मत आहे. मला पटतं.

हे सगळं फोटोग्राफरांच्या गळ्यात पडलं ते २००० नंतर. एप्रिल २००० मध्ये वेगवान यूएसबी २ आलं, हळूहळू कॅमेऱ्यांचं फायरवायर गेलं आणि सगळे माऊसच्या प्लगवर आले. कॅमेऱ्याच्या बाजूला तर त्याचीही बारकी आवृत्ती. लाखो रुपयांचं शूटिंग आणि पकड नखाएवढ्या पत्र्याची!

मग स्टुडिओत जो तो आपापली शक्कल काढू लागला. केबल कॅमेऱ्याच्या पट्ट्याच्या कडीतून ओवून घ्यायची. ट्रायपॉडच्या पायाला गाफर टेपने बांधायची. टेबलाच्या कडेला कापडं वाळत घालायच्या चिमट्यात धरायची. या सगळ्यांच्या मुळाशी एकच कल्पना आहे, की झटका प्लगपर्यंत पोचू द्यायचा नाही. वाटेतच त्याला एखाद्या दणकट वस्तूवर उतरवायचा आणि प्लगच्या अलीकडे केबलचा सैल वेटोळा सोडायचा.

ही कल्पना आपल्या घरातली आहे, आणि शंभर वर्षं तरी जुनी असेल. छताला लोंबणारा बल्ब आठवा. वायरमन होल्डर उघडायचा, दोन तारांची आत एक गाठ मारायचा, मग टोकं स्क्रूखाली घालायचा. लहानपणी मला वाटायचं, गाठ उगाच मारतो, तार लांब झाली म्हणून. ती गाठ म्हणजेच सगळं काही होतं. बल्बचं, होल्डरचं, काचेच्या शेडचं वजन गाठीवर, आणि स्क्रूखालच्या तांब्यावर काहीच नाही. इस्त्रीच्या मुठीपाशी वायरला ती जाड रबरी बाही असते तीही यासाठीच. आणि "पिन धरून काढ, वायर ओढू नकोस" हे आजीचं वाक्य याच शास्त्रातलं!

अमेरिकेत २००८ मध्ये टेदर टूल्स नावाची कंपनी सुरू झाली, ती याच गाठीच्या धंद्यावर. कॅमेऱ्याच्या कडीला अडकवायचा एक छोटा चिमटा, त्यातून केबल वळवून घ्यायची, बस. नाव ठेवलं 'जर्कस्टॉपर'. झटकेथांबव्या म्हणूया. दुसरी युक्ती मला त्याहून आवडली: त्यांनी केबलच भडक नारिंगी केली. आजवर केबल काळी असायची, फोटोत दिसू नये म्हणून, आणि म्हणूनच अंधाऱ्या स्टुडिओत ती पायातही यायची. दिसली की माणूस पाय उचलतो. किती साधं! आणि आमची केबल काळी होती, टेबलाखाली, मे महिन्यातल्या दुपारी खिडक्या लावून अंधार केलेल्या खोलीत.

हळूहळू कॅमेरावाल्यांनाही कबूल करावं लागलं. २०१२ मध्ये निकॉनचा डी-८०० आला, ३६ मेगापिक्सेलचा, एकेक कच्ची फाइल ७४ मेगाबाइटपर्यंत जाणारी. एवढी फाइल वेगाने न्यायला यूएसबी ३ दिलं, पण त्याचा प्लग रुंद आणि चपटा, आधीच्यापेक्षाही नाजूक. तेव्हा निकॉनने खोक्यातच केबल धरून ठेवणारी एक क्लिप घातली. कॅननच्या २०१४ च्या ७डी मार्क २ बरोबरही असाच एक केबलरक्षक यायचा. मला यात एक प्रकारची कबुली दिसते. प्लग आमच्या हातात नाही, तो सगळ्या जगाचा आहे, पण निदान ही क्लिप घ्या.

याच सुमाराला अॅपलने अगदी उलट वाट धरलेली होती. २००६ च्या मॅकबुक प्रोला लोहचुंबकाची चार्जिंग केबल, मॅगसेफ. पाय अडकला तर केबल पटकन सुटून यावी आणि लॅपटॉप जमिनीवर पडू नये. ही कल्पना जपानमधल्या पाण्याच्या विजेच्या किटल्यांवर आधीपासून होती, मुलाच्या अंगावर उकळतं पाणी सांडू नये म्हणून. म्हणजे झटक्यावर दोन उत्तरं, एक घट्ट धर आणि दुसरं लगेच सोड. चार्जिंगला दुसरं चालतं, कारण लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, केबल सुटल्याने काही हरवत नाही. आमच्या कॅमेऱ्यात कार्ड असतं तर आम्हालाही केबल सुटलेली चालली असती. हे मला हा लेख लिहिताना कळलं, आणि पुढची दहा मिनिटं मी काहीही लिहिलं नाही.

लांबीचंही एक प्रकरण आहे, थोडक्यात सांगते. प्लग घट्ट असूनही संबंध तुटतो तो पुष्कळदा यामुळे. यूएसबी २ ची मर्यादा पाच मीटर, फायरवायरची साडेचार, यूएसबी ३ ची व्यवहारात तीनच्या आसपास. त्यापुढे मध्ये ताकद देणारी केबल लागते, नुसती जोडावर जोड देऊन चालत नाही. शिवाय लॅपटॉप वीज वाचवायला पोर्ट झोपवतो, कॅमेरा स्वतःहून बंद होतो, चार यंत्रं एकाच हबवर उपाशी बसतात. मग बिचाऱ्या केबलला शिव्या. वायरलेसची वाट बरेच जण बघत होते. ते आलंही, पण ७४ मेगाबाइटच्या फाइली हवेतून पाठवायच्या म्हणजे काका पान उलटून कंटाळतील इतका वेळ.

आणि स्क्रू? ते परत आलेत! कारखान्यांत पट्ट्यावरून जाणारा माल तपासायला यंत्रकॅमेरे असतात. तिथं चोवीस तास थरथराट आणि केबल बघायला माणूस नाही. त्यांच्यासाठी २०१३ मध्ये 'यूएसबी ३ व्हिजन' हे मानक आलं आणि त्यात प्लगला दोन्ही बाजूंनी स्क्रू आहेत. २०१६ मध्ये नव्या गोलसर सी-प्लगसाठीही स्क्रूवाल्या प्रकारांचं मानक निघालं. पण ते स्क्रू तुमच्या-आमच्या कॅमेऱ्यावर नाहीत. माणूस बसलेला असतो तिथं माणसाने लक्ष द्यावं असं गृहीत धरलंय. तो माणूस मोडी वाचत बसला तर काय, याचा विचार मानकात नाही :-)

त्या लुगड्याचं सांगायचं राहिलं. ६१ व्या पानाचा फोटो मी नंतर मोडी उत्तम वाचणाऱ्या एका बाईंना दाखवला. त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं, तिथं नाव नाहीच. "लुगडे १" नंतर जे मी नाव समजून लावत बसले होते ते नोंद पुढच्या पानावर चालू असल्याचं आहे. म्हणजे कुणाचं लुगडं, कशासाठी, केवढ्याला, हे ६२ वर होतं. मी ते ६१ वर शोधत होते आणि ६२ माझ्यासमोरून फ्लॅश होऊन गेलं.

गेल्या डिसेंबरात मावशीकडचे कागद काढले. दादाने नारिंगी केबल आणली होती. लॅपटॉपजवळ ती टेबलाच्या पायाला बांधायची होती आणि टेप गाडीत राहिली. काका म्हणाले थांबा, रुमालाची सुटी नाडी घेतली आणि गुरं बांधायची ती गाठ मारली, एका ओढीत सुटणारी पण केबल ओढून न सुटणारी. कॅमेऱ्याकडे वेटोळा सैल सोडला. कार्ड घातलं, फोटो दोन्हीकडे साठतील असं लावलं, कार्ड नसताना शटर उडायची सोय बंद केली. आणि दर दहा पानांनी काका पानावरचा आकडा मोठ्याने वाचत होते, मी फाइलचा आकडा वाचत होते. शंभरेक पानांत केबल दोनदा ओढली गेली (दोन्ही वेळा मावशीचा नातू). प्लग हललासुद्धा नाही.

आत्या, तुझ्या ट्रंकेत आजोबांच्या मामांकडची पत्रं आहेत असं काका म्हणतात. मे महिन्यात येऊ का? केबल, टेप, नाडी सगळं आम्ही आणतो. तू फक्त पावसाच्या आधी ती ट्रंक माळ्यावरून खाली काढून ठेव.